पाड्यावर भरणारा वर्ग

मुंबईकर सकाळी नळ उघडतो, तेव्हा ते पाणी कुठून आले याचा विचार तो सहसा करत नाही. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा ही धरणे शहापूर-मोखाड्याच्या डोंगराळ टापूतली. आणि याच टापूतल्या वारली, कातकरी, ठाकर पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते!

पाऊस कमी पडतो म्हणावे, तर मोखाड्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. परंतु वर तीव्र उतार, खाली काळा कातळ. पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. पण दारात तोटी बसली म्हणजे पाणी आले असे होत नाही. कुठे उद्भव विहीरच आटते, कुठे पंपाचे वीजबिल थकते, तर कुठे उंचावरच्या शेवटच्या पाड्यापर्यंत पाण्याला दाबच उरत नाही.

हे दुखणे ओळखायला अभियंत्याने पाड्यावर राहावे लागते. पवईच्या आयआयटीत १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे ‘सितारा’ हे केंद्र स्थापन झाले. २००७ पासून तेथे ‘तंत्रज्ञान आणि विकास’ या विषयात एम. टेक. करता येते. विद्यार्थ्यांनी गावात मुक्काम करून शिकायचे, हा या अभ्यासक्रमाचा भाग. विहिरीची पातळी महिन्यामागून महिना मोजणे, कोणत्या घरात पाणी येते नि कोणत्या नाही याची नोंद ठेवणे, बाईच्या डोक्यावरच्या हंड्यांच्या खेपा मोजणे, हेही अभियांत्रिकीच आहे.

मात्र एका पवईने काय होणार? राज्यातील प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने आपल्याच जिल्ह्यातल्या नादुरुस्त नळयोजना पदव्युत्तर प्रबंधाचा विषय का करू नयेत? ते प्रबंध कपाटात न ठेवता जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाच्या टेबलावर गेले पाहिजेत. आणि या वर्गांत आदिवासी मुलामुलींना पुरेशा शिष्यवृत्तीसह जागा हव्यात. कोणता झरा मेपर्यंत टिकतो, हे त्यांना घरातच कळलेले असते.

आपल्या घरातले कोणी पर्यावरण अभियांत्रिकीची वाट धरत असेल, तर पगाराच्या आकड्याबरोबर एक प्रश्न त्याला जरूर विचारावा : तुमचा वर्ग पाड्यावर कधी भरतो?