उसने पूर्वज

समरकंदच्या रेगिस्तान चौकात दिवे लागले, तसा आमच्या ग्रुपमधला एक पोरगा फोन उंच धरून म्हणाला, "देखो भाई, ये था अपना ज़माना." मागे तीन भव्य मदरसे, निळ्या फरशा, सोनेरी उजेड. हॉटेलवर पोहोचेपर्यंत त्याच्या रीलला तुर्की मालिकेचं संगीत लागलं होतं आणि 'माशाअल्लाह'चा पाऊस पडत होता. खरं सांगायचं तर चौकात मीही मान डोलावली होती. रात्री मात्र तो 'अपना' शब्द डोक्यातून जाईना.

अपना म्हणजे कुणाचा? आम्ही मणियार. माझे पणजोबा डोक्यावर पेटी घेऊन गावोगाव बांगड्या विकायचे. आसपासच्या गावांत लग्न ठरलं की चुडा भरायला त्यांना बोलावणं यायचं. त्यांचा आणि तैमूरचा संबंध काय?

संबंध आहे, पण वेगळा. त्याच शहरात बीबी खानुम मशीद आहे. तैमूरने १३९८ च्या डिसेंबरात दिल्ली लुटली, कत्तल केली आणि परत जाऊन १३९९ मध्ये या मशिदीचं काम काढलं. दिल्लीहून नेलेली लूट, कारागीर आणि हत्ती तिथे कामाला लागले. तेव्हा दिल्लीच्या तख्तावर कोण होतं? नासिरुद्दीन महमूद तुघलक. लुटणारा मुसलमान, लुटला गेलेला सुलतानही मुसलमान. 'उम्मतचा सुवर्णकाळ' म्हणून त्या कमानीखाली फोटो काढताना आपण लुटणाऱ्यांच्या बाजूला उभे आहोत की लुटलेल्यांच्या, हे एकदा ठरवा. मशिदीशेजारच्या सियाब बाजारात एका नानवाल्याने मला विचारलं, "हिंदुस्तोन?" मी हो म्हणताच छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "राज कपूर!" त्याचा हिशेब साफ होता. गोंधळ आमच्याच डोक्यात होता.

बाबरचं उदाहरण तर आपल्या सगळ्यात जवळचं. त्याचा जन्म १४८३ चा, अंदिजानचा. त्याने समरकंद तीनदा जिंकलं आणि तीनदा गमावलं. त्याला तिथून शेवटी हुसकावलं ते उझबेकांनी. आज त्याच उझबेकांच्या नावाच्या देशात बाबरचे पुतळे आहेत. ताश्कंदच्या मधल्या चौकात पूर्वी मार्क्स होता, १९९३ पासून घोड्यावर बसलेला तैमूर आहे. नव्या देशाला नायक हवा होता, त्यांनी तो निवडला. तो त्यांचा प्रश्न. पण इथे आपल्याला 'बाबर की औलाद' म्हणून हिणवणारा आणि अंदिजानला जाऊन 'अपना बाबर' म्हणणारा, दोघांचं समीकरण एकच आहे: मुसलमान म्हणजे बाबरचा वारस. पहिला ते शिवी म्हणून वापरतो, दुसरा शाबासकी म्हणून. आपण रील टाकतो तेव्हा पहिल्याच्या हातात आयता पुरावा देतो.

यावर ग्रुपमधल्या त्या पोराने मला जे ऐकवलं, तेही प्रामाणिकपणे सांगतो. "भाईजान, रोज कुणी ना कुणी आपल्याला परकं म्हणतं. भाड्याने घर मिळत नाही. मग चार दिवस छाती फुगवली तर बिघडलं कुठे?" त्याचं दुखणं खरं आहे. घराचा अनुभव मीही घेतलाय. पण ज्यांनी परकं ठरवलं त्यांना उत्तर म्हणून आपण परके पूर्वज उसने आणायचे, हा कुठला इलाज?

आणि अभिमानच हवा असेल तर वारसा म्हणजे काय, तेही समरकंदलाच कळतं. उलुगबेग तैमूरचा नातू. त्याची वेधशाळा शहराबाहेर टेकडीवर आहे. तारे मोजायचा सुमारे ४० मीटर त्रिज्येचा दगडी चाप तिथे बांधला होता. त्याचा जमिनीत खोदलेला भाग तेवढा आज उरलाय. मी इंजिनिअर माणूस, तिथून माझा पाय निघेना. दुर्बिणीचा शोध लागायच्या आधी, १४३७ मध्ये, या लोकांनी १०१८ ताऱ्यांची सारणी केली. त्यांनी मोजलेल्या वर्षाच्या लांबीतली चूक आजच्या हिशेबाने एका मिनिटाच्या आत आहे. आमच्या ग्रुपला या जागेसाठी वीस मिनिटं दिली होती. शॉपिंगसाठी तीन तास.

१४४९ मध्ये उलुगबेग हजला निघालेला असताना त्याच्या पोटच्या पोराने, अब्दुल लतीफने, त्याला मारवलं. वेधशाळा मोडली आणि जागासुद्धा विसरली गेली. ती पुन्हा शोधली १९०८ मध्ये व्यात्किन या रशियन माणसाने. उलुगबेगच्या सारणीवर पुढे काम केलं ते आपल्याकडच्या सवाई जयसिंगाने. हा राजपूत राजा जंतरमंतर बांधत होता आणि आपल्या ग्रंथाला मुघल बादशहा मुहम्मदशाहचं नाव देत होता. आता सांगा, उलुगबेगचा वारस कोण? काम पुढे नेणारा जयसिंग, की आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेले आम्ही?

बुखाऱ्यात याच उलुगबेगचा १४१७ चा मदरसा आहे. ज्ञान मिळवणं हे प्रत्येक मुसलमान पुरुषाचं आणि स्त्रीचं कर्तव्य आहे, अशा अर्थाचा मजकूर तिथे कोरलाय. त्या दारासमोर सगळ्यांनी फोटो काढले. त्यातल्याच एकाने जेवताना सांगितलं की, बहिणीला बारावीनंतर पुढे शिकवायचं नाही असं घरात ठरलंय. ताटावरून कुणीही त्याला टोकलं नाही. मीही नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

उझबेकिस्तानला जरूर जा. पण तो देश त्यांचा म्हणून बघा. अफ्रासियाबच्या संग्रहालयात इस्लामच्या आधीच्या सोग्दी लोकांची सातव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, ती बघा. जमलं तर मुयनाकला जा. कापसाच्या शेतीसाठी नद्या वळवल्या, अराल समुद्र आटला आणि तिथे वाळूत जहाजं गंजत पडली. मराठवाड्यातल्या पोराला कापूस आणि पाण्याची ही गोष्ट कुठल्याही घुमटापेक्षा लवकर समजेल. प्रत्येक इमारतीसमोर विचारा: पैसा कुणाचा, घाम कुणाचा, आणि पुढे हे मोडलं कुणी?

तिकीट काढायच्या आधी एक रविवार खुलताबादला जा. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर तिथे निजलाय. आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जागी खडकी वसवून त्याने शहराला जमिनीखालून पाणी आणलं. त्याच्या फौजेत मराठा सरदार होते. तोही आपला आजोबा नाही. पण त्याचं काम आपल्याच मातीतलं आहे आणि ते समजून घ्यायला व्हिसा लागत नाही. जाताना बहिणीलाही बरोबर न्या. आणि बारावीनंतरचा तिचा फॉर्म भरला का, ते आधी विचारा.