फूल उघडून पाहावे

वनस्पतींच्या पुनरुत्पादनाचा पाठ निघाला की वर्गात माना खाली घालून हसू पसरते, आणि पुष्कळ शिक्षक फळ्यावर आकृती काढून घाईने पुढील धड्याकडे वळतात. ही घाई आम्हांस मान्य नाही. निवासी शाळेतील मुलांना संध्याकाळी आईला वा आजीला विचारण्याची सोय नसते. वर्गात राहिले ते राहूनच जाते. काही पालकांना असे उघड बोलणे रुचणार नाही. परंतु नर पपई ओळखून उपटणारा शेतकरी तो शब्द मुलांसमोर सहजच उच्चारतो.

शिवाय साहित्य कुंपणालगतच आहे. जास्वंदीचे फूल उभे चिरावे. मधल्या लांब नळीवरील पिवळे परागकोश हा नराचा भाग. त्याच नळीतून स्त्रीकेसराचा बारीक देठ वर येतो. टोकाला पाच कुक्षी, तळाशी अंडाशय. कुक्षीवर पडलेल्या परागकणाला नलिका फुटते, ती बीजांडापर्यंत उतरते आणि फलन होते. पुढे बीजांडाचे बी व अंडाशयाचे फळ होते. बागेतील जास्वंदीला फळ क्वचितच धरते. म्हणून तिच्याच कुळातील भेंडीचे फूल शेजारी ठेवावे. त्या फुलातील अंडाशय पुढे आपल्या ताटात येतो!

फुलांत नर-मादी असतात हे जर्मनीतील कॅमेरारियस यांनी १६९४ साली प्रयोगांच्या आधारे मांडले. एरंडाची नरफुले पराग सुटण्यापूर्वीच खुडली, तेव्हा सकस बी धरले नाही. आपल्या मुलांनाही हे करता येईल. मात्र जवळपास दुसरा एरंड नसावा, कारण पराग वाऱ्याने येतात; आणि बिया विषारी असल्याने शिक्षक सोबत असावेत.

राहिला पिंपळ. ज्या वृक्षाखाली तथागतांना बोधी प्राप्त झाली, त्याला फूलच येत नाही असे अनेकांना वाटते. 'उंबराचे फूल' ही म्हणही त्याच समजुतीची. वास्तविक ज्याला आपण फळ म्हणतो, त्याच्या आत नर व मादी अशी शेकडो सूक्ष्म फुले दडलेली असतात. गांधीलमाशीच्या गणातील एक चिमुकली मादी टोकाच्या छिद्रातून आत शिरते, सोबतचे पराग मादीफुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि बहुधा तेथेच मरते. तिच्या पंखधारी लेकी नव्या परागांसह दुसऱ्या फळाच्या शोधात निघतात. येत्या वर्षी हा पाठ पिंपळाच्या पारावर, हाती भिंग देऊन घ्यावा, असे आम्ही सुचवितो.