विरंगुळा : अक्कोचे खांब आणि आईचा रुमाल



हे सदर आम्ही दोघी बहिणी मिळून लिहितो, हे आपणांस ठाऊक आहेच. एरवी एक लिहिते व दुसरी तपासते. त्यामुळे लेख वेळेवर पोहोचतो आणि भांडण घरातच राहते. या खेपेस मात्र ते भांडणही लिहावे लागत आहे, कारण त्यावाचून आमच्या अक्कोच्या सहलीची हकिगत पुरी होणार नाही.

थोरलीच्या नातीचे लग्न सुक्कोथनंतरचे ठरले. तिला काय द्यावे असा विचार चालला असता धाकटीने कपाटातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात आईने विणावयास घेतलेला, शब्बाथच्या भाकरीवर घालावयाचा क्रोशाचा गोल रुमाल होता. मधोमध मागेन दाविद, भोवती खांबांच्या चौदा फेऱ्या, आणि अँकरच्या दोऱ्याची गुंडी तशीच जोडलेली. आई २०१४ साली गेली. तेव्हापासून त्या डब्याला कोणी हात लावला नव्हता. हा रुमाल दोघींनी मिळून पुरा करावा असे ठरले. एक अश्दोदला व दुसरी बेरशेबाला, तेव्हा मिळून करावयाचा म्हणजे एकत्र राहणे आले. म्हणून दोघींनी चार दिवस अक्कोस जावे असा बेत केला.

गुरुवारी आगगाडीने निघालो. जुन्या शहरात, समुद्राजवळ, एका लहानशा घरगुती विश्रामगृहात खोली मिळाली होती. सामान टाकून प्रथम गेलो ती हॉस्पिटलर नाइटांची दालने पाहावयास. क्रूसेडरांनी ११०४ साली हे बंदर घेतले, ११८७ साली सलाहुद्दीनने ते परत जिंकले, ११९१ साली ते पुन्हा क्रूसेडरांकडे गेले आणि १२९१ साली मामलुकांनी त्यांना कायमचे घालवले. त्या काळची भोजनशाळा जमिनीखाली अद्याप उभी आहे. तिचे सारे छत तीन प्रचंड गोल खांबांनी तोलून धरले आहे. थोरलीने एका खांबाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, “आपला खांब सुईवर दोन वेढ्यांत उरकतो, यांना किती वर्षे लागली असतील!” मराठीत दोहोंना एकच शब्द आहे, हे आम्हांस त्या दिवशी प्रथमच जाणवले.

अक्कोची मौज अशी की येथे कोणी जुने मोडून नवे बांधले नाही; जुन्यावरच बांधले. अठराव्या शतकात अहमद पाशा अल-जज्जारने, म्हणजे ‘खाटीक’ या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या सुभेदाराने, क्रूसेडरांच्या दालनांवर आपला कोट रचला. पुढे इंग्रजांनी त्याच कोटाचा तुरुंग केला. आपल्या भूमिगत चळवळीतील शलोमो बेन-योसेफ याला १९३८ साली येथेच फाशी दिले, आणि ४ मे १९४७ रोजी येथूनच कैदी भिंत फोडून निसटले. जज्जारने १७८४ साली बांधलेल्या ‘खान अल-उमदान’ या सराईचे ग्रॅनाइटचे खांब तर कैसरियाच्या अवशेषांतून आणलेले. सराईचे दार आम्ही गेलो तेव्हा बंद होते. १९०६ साली सुलतानाच्या सन्मानार्थ उभारलेला घड्याळाचा मनोरा तेवढा बाहेरून पाहिला. टेंप्लर नाइटांचा दीडशे मीटरांचा भुयारी मार्ग १९९४ साली सापडला, तोही एका रहिवाशाच्या घरचे सांडपाणी तुंबल्याच्या तक्रारीमुळे! धाकटी म्हणाली, “मुंबईच्या चाळीत अशा तक्रारी आपण रोज करीत होतो, हाती काही लागले नाही.”

गुरुवारी रात्री व शुक्रवारी सकाळी विणकाम जोरात चालले. एक फेरा थोरलीचा, एक धाकटीचा, अशा सहा फेऱ्या झाल्या. शुक्रवारी दुपारी रुमाल पलंगावर पसरला आणि दोघींचेही चेहरे उतरले. रुमाल सपाट बसेना. कडेला झालर पडल्यासारख्या लाटा उठल्या होत्या, आणि त्यांतही एक फेरा आखडलेला व पुढला सैल.

क्रोशा विणणाऱ्या भगिनींना हे सांगावयास नको की प्रत्येक हाताची ओढ निराळी असते. थोरलीचा हात घट्ट, धाकटीचा सैल. “तुझ्या फेऱ्या उसव,” असे प्रथम कोण म्हणाली, याबद्दल आमचे अद्याप एकमत नाही. परंतु बोलणे दोऱ्यावर थांबले नाही. थोरली १९६८ साली लग्न होऊन इस्राएलात आली. धाकटी आईजवळ मुंबईस राहिली आणि १९८१ साली तिला घेऊन आली. आईची अखेरची वर्षे धाकटीच्या घरी गेली. “तू सणावारी येऊन तिच्या हातचे खाऊन जात होतीस,” असे धाकटी म्हणाली. “आणि ती इतकी थकली आहे हे तू मला कळू दिले नाहीस,” असे थोरली म्हणाली. इतक्या वर्षांत ही दोन वाक्ये आमच्या तोंडून कधी निघाली नव्हती.

इतक्यात दिवे लावण्याची वेळ झाली. रुमाल डब्यात गेला. शब्बाथला निषिद्ध असलेल्या एकोणचाळीस कामांत विणणे आहे, तसेच विणलेले धागे सोडवणेही आहे. गाठ मारणे आहे, तसे गाठ सोडणेही आहे. कोकणात आमच्या पूर्वजांचे घाणे शनिवारी बंद राहत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या लेकींनी शब्बाथला सुई हाती धरावी, हे होणे नव्हते. झाली चूक तशीच डब्यात ठेवून अख्खा एक दिवस काढणे भाग पडले.

शनिवारी सकाळी आम्ही पायी ट्यूनिशियाच्या बांधवांच्या ‘ओर तोरा’ सिनेगॉगमध्ये गेलो. भिंती, छत, जमीन, सारे लहान लहान रंगीत दगडांच्या जडावाने भरलेले. प्रार्थनेचे सूर आपल्यापेक्षा निराळे. पण शब्द तेच असल्याने परकेपणा वाटला नाही. दुपारी समुद्राच्या तटावर जाऊन बसलो. बोनापार्टने १७९९ साली या तटापुढे सुमारे दोन महिने वेढा दिला आणि अखेर हात हलवीत परत गेला. शहराच्या बचावात जज्जारचा यहुदी कारभारी हाइम फरही याचा मोठा वाटा होता. त्याच धन्याने त्याचा एक डोळा काढविला होता, तरी तो जागचा हलला नाही. तटावर लाटा आपटत होत्या. मुरुडच्या किनाऱ्यावरून लहानपणी पाहिलेला जंजिरा दोघींनाही एकदमच आठवला. तोही असाच पाण्यात उभा, वेढे आले नि उठले. त्या वेळी होडीत आईने आम्हां दोघींचे हात आपल्या दोन बाजूंस घट्ट धरले होते. एवढ्या आठवणीवर आम्ही सकाळपासूनचा अबोला सोडला.

रात्री हावदाला झाल्यावर डबा उघडला. उसवायचे तर दोघींच्याही सहाच्या सहा फेऱ्या उसवायच्या, असे ठरले. एकीने दोरा ओढला, दुसरीने गुंडीवर गुंडाळला. आईच्या चौदाव्या फेरीशी आल्यावर थोरलीने सवयीने टाके मोजले. खांबांच्या सपाट गोलात प्रत्येक फेरीस बारा टाके वाढवावे लागतात. आईच्या बाराव्या फेरीपर्यंत हिशेब चोख होता. तेराव्या फेरीत पंधरा वाढले होते आणि चौदाव्या फेरीत वीस. काही ठिकाणी एकाच घरात तीन खांब पडले होते. काही खांब अर्धेच राहिले होते.

झालर आमच्या हातांची नव्हती. धाकटी हळूच म्हणाली, “त्या दिवसांत तिचा हात कापत असे. मोजता मोजता ती विसरे आणि मला विचारू नये म्हणून पुढे विणत राही.” थोरली बराच वेळ त्या दोन फेऱ्यांवरून बोट फिरवीत राहिली. जे आपल्याला कोणी कळू दिले नाही असे ती म्हणत होती, ते सारे तेथे टाक्याटाक्याने लिहिलेले होते. मग तिने धाकटीला विचारले, “रात्री ती झोपत असे का?” आणि धाकटीने सगळे सांगितले. दिवा मालवायला बराच उशीर झाला.

आईच्या फेऱ्या उसवाव्यात की नाही, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. त्याला उपाय आहे, तो भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. गोलाला झालर पडू लागली तर पुढील फेरा टाका न वाढविता विणावा. तेवढ्याने न भागल्यास आणखी एक तसाच विणावा. कड हळूहळू जागेवर येते. आणि एकाच कामावर दोन हात असतील तर घट्ट हाताच्या बाईने एक क्रमांक मोठी सुई घ्यावी. थोरलीने रविवारी सकाळी बाजारातून तशी सुई आणली, आणि परतीच्या गाडीत दोन फेऱ्या झाल्या.

आता रुमाल बावीस फेऱ्यांचा होऊन सपाट बसला आहे. नीट पाहणाऱ्यास तेराव्या-चौदाव्या फेरीशी किंचित उंचवटा दिसेल. नातीने तो हाताला लागताच विचारले, “हे काय आहे?” आम्ही तिला सांगितले. ती म्हणाली, “मग त्या जागेला इस्त्री करू नका.”

पुढील अंकी पुन्हा भेटूच. तोवर शब्बाथ शालोम.