दुधाचा हिशेब

मंडळी, पुष्कळ दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी दोन-तीन पुतण्यांचे फोन येऊन गेले, "काकू, ब्लॉग बंद केलात की काय?" बंद नाही केला. एक गोष्ट सांगावी की नको, या विचारात तीन-चार महिने गेले, इतकंच. शेवटी ठरवलं, सांगायचीच. घरातले पुरुषही हे वाचतात हे मला ठाऊक आहे. खरं तर त्यांच्यासाठीच लिहितेय. :)

तर झालं असं. दिवाळीत नातू पुण्याहून इथं कोयनानगरला आला होता. वय अठरा. त्याला दोन छंद, एक मोबाईलवरचे खेळ आणि दुसरा प्रोग्रॅमिंग. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते, तेवढ्यात माडीवरून आवाज आला, "पडलो, पडलो! लवकर या रे, मी पडलो!" हातात झारा तसाच, मी जिना चढून वर. बघते तर हे महाशय गादीवर लोळताहेत, कानाला हेडफोन!

मग त्यानं समजावून सांगितलं. चौघांचा गट असतो, प्रत्येक जण आपापल्या घरी. खेळात एखाद्याला गोळी लागली की तो खाली पडतो, पण लगेच मरत नाही. तेवढ्या वेळात साथीदारानं येऊन उठवलं तर तो पुन्हा खेळू लागतो. म्हणून पडलं की ताबडतोब ओरडायचं. "आणि नाही ओरडलं तर?" मी विचारलं. "मग कळणार कसं, आजी? त्यांना काय स्वप्न पडणार आहे?"

हे वाक्य त्यानं सहज टाकलं. माझ्या मात्र मनात रुतून बसलं. का, ते पुढं सांगते.

मोबाईलच्या खेळांबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं, आजही सरसकट चांगलं नाही. खेळ हातातून सुटेनासा होणं याला जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ साली आजारांच्या यादीत जागा दिली आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं बंदीचा कायदाच केला, तो योग्यच झाला. पण चार मित्रांनी तासभर एकत्र खेळणं आणि एकमेकांना हाक मारणं ही गोष्ट निराळी आहे, एवढं मी त्या दिवशी मान्य केलं.

आता दुसरा छंद. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आजी, तुला पायथन शिकवू?" मी २००३ साली, नोकरीत असताना, एमएस-सीआयटी केलेली बाई. म्हटलं, शिकव. नवशिक्यांचं एक बरं असतं, त्याच्या सांगण्याप्रमाणे. काहीही विचारलं तरी चालतं. तोही रात्री मित्रांना विचारत असतो, "मी नवीन आहे, हे का अडतंय?" आणि कुणी त्याला हसत नाही. मला तर हे यंत्र म्हणजे शुद्धलेखनाचा तासच वाटला. एक कंस राहिला, एक स्वल्पविराम चुकला, की पुढं जात नाही. पण मास्तर चांगला! कितव्या ओळीवर अडलं ते सांगतो आणि छडी मारत नाही.

"काय करून बघायचं तुला?" त्यानं विचारलं.

"दोन तारखांच्या मध्ये किती दिवस गेले ते काढायचं."

"कशाच्या तारखा?"

"दुधाच्या," मी म्हटलं.

आमच्याकडे दुधाचे खाडे कालनिर्णयावर टिंब देऊन मांडतात, त्यामुळं त्याला काही वावगं वाटलं नाही. मी आपल्या सवयीनं आधी दिवस, मग महिना, मग वर्ष असं लिहिलं. यंत्र रुसलं. "आजी, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. तू २०२५ हा दिवस दिलास, एवढा मोठा महिना नसतो!" मग मी सहाच्या आधी शून्य दिलं, त्यावरही रुसलं. शेवटी जमलं. २४ जूनपासून २४ ऑक्टोबरपर्यंत. पडद्यावर आकडा आला, १२२.

मी गप्प बसले. माझ्या मनात तो काळ महिना-दीड महिन्याचा होता.

"आजी," नातू म्हणाला, "चार महिने दूधवाला आला नाही?"

मंडळी, ती टिंबं दुधाची नव्हती. माझी पाळी जाऊन वीस वर्षांवर झाली. २४ जूनला पहिल्यांदा डाग दिसला. वाटलं, उष्णता असेल. मग पुन्हा, मग पुन्हा. कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांशेजारी मी बारीक टिंब देत गेले, म्हणजे कुणाला कळायला नको. श्रावणात रक्तदाब दाखवायला एका दवाखान्यात गेले होते, तिथं उठता उठता पुटपुटले, "जरा अंगावरून जातंय." डॉक्टर म्हणाले, "वयानं होतं," आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. आणि खरं सांगते, त्यांनी विचारलं नाही याचं मला त्या वेळी बरंच वाटलं. चूक एकट्या त्यांची नव्हती.

आयुष्यभर पोरांना सांगत आले, शंका मनात ठेवू नका, हात वर करा. आणि माझा हात चार महिने मांडीवर.

त्या पोराला मी सांगून टाकलं. त्याचे कान लाल झाले, माझेही झाले असतील. क्षणभर तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईला सांगू, का तू सांगतेस?" सुनेला मीच सांगितलं. दोन दिवसांत पाटणवरून कराडला गेलो. बाई डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून आणि किती वेळा?" मी तारखांचा कागद पुढं केला. त्या म्हणाल्या, "असा कागद आणणाऱ्या पेशंट फार थोड्या असतात." सोनोग्राफी झाली, आतला तुकडा तपासायला गेला. अहवाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही. गर्भाशयात एक साधी गाठ निघाली, पॉलिप म्हणतात तिला. काढून टाकली. मी बरी आहे, कुणी धावत यायची गरज नाही.

पण दरवेळी साधी निघतेच असं नाही. पाळी कायमची गेल्यावर आलेला एक डागसुद्धा तपासूनच घ्यायचा असतो. अशा दहा जणींपैकी जवळपास नऊ जणींना कर्करोग नसतो. पण उरलेल्या एकीला लवकर कळलं तर ती बरी होण्याची शक्यता पुष्कळ असते. आपण त्या नवांतल्या की ती एक, हे घरी बसून कळत नाही.

माझी एक थोरली बहीण म्हणते, "बरी झालीस ना? मग हे चव्हाट्यावर कशाला?" तिला उत्तर द्यायचं म्हणून थोडं वाचन केलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ब्याण्णव जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि याआधी कधी तपासून उपचार घेतलेल्या होत्या शंभरात आठ! म्हणजे बाकीच्या सगळ्या, माझ्यासारख्याच, टिंबं देत बसलेल्या. फरक एवढाच, की त्यांच्या वाटेत डॉक्टरच नव्हते. माझ्या वाटेत एसटी होती, पेन्शन होती, बी. ए. ची पदवी होती, तरी मी गेले नाही.

आणि विचारायला जागा नसली की काय होतं, ते आपल्या साताऱ्या-सांगलीच्या उसाच्या फडात दिसतं. दर हंगामात बीडकडून टोळ्या येतात. त्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची ओरड झाल्यावर २०१९ मध्ये सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात, फडात ना आडोसा ना पाणी, दुखणं कुणाला सांगायची सोय नाही. मग एकच उपाय हाती येतो, काढून टाका. माझ्या गप्प बसण्याला लाज म्हणता येईल. त्यांच्या गप्प बसण्याला तो शब्द लावणं मला पटत नाही. तिथं मजुरीचा हिशेब आहे.

बरं, हे बोलणं आपल्या मराठीला नवं आहे का? मुळीच नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. वाचकांच्या शरीराविषयीच्या प्रश्नांना त्यात सरळ उत्तरं असत. त्या उत्तरांवरून खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टात उभे राहिले होते. एवढी किंमत मोजून कुणीतरी आपल्याला प्रश्न विचारायची मुभा मिळवून दिली आणि आपण ती वापरत नाही, असं मला आता वाटतं.

बोलून आणि तपासून जीव वाचतात याचाही पुरावा आपल्याच राज्यात आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या आणि मुंबईच्या डॉक्टरांनी एक लाख एकतीस हजार बायकांचा मोठा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष आले. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात त्या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. खेड्यातल्या बायका, एकच तपासणी!

आणखी एक गंमत बघा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथं भूकंप झाला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तेव्हापासून आजतागायत जरा भांडी वाजली की आम्ही शेजाऱ्याला विचारतो, "जाणवलं का?" त्यात कुणाला संकोच वाटत नाही. जमिनीच्या पोटात काय चाललंय ते पाहायला शास्त्रज्ञांनी इथल्या गोठण्याला तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं, तेही आम्ही कौतुकानं सांगतो. स्वतःच्या पोटात काय चाललंय ते मात्र शेजारणीलाही विचारायचं नाही.

आता माझी स्वतःची एक कबुली. मी शाळेत असताना वर्षातून एकदा नर्सबाई मुलींना पाळीबद्दल सांगायला यायच्या. तेव्हा आठवीच्या मुलग्यांना "जा रे, कबड्डी खेळा" म्हणून बाहेर घालवणारी मीच होते. वीस-पंचवीस वर्षं घालवत आले. ते मुलगे आता नवरे आहेत, बाप आहेत. त्यांच्या घरात कुणी टिंबं देत असेल तर त्यांना कळणार कसं? त्यांना काय स्वप्न पडणार आहे?

म्हणून माझं मत असं, की त्या तासाला मुलग्यांनाही बसवावं. हसतील पहिल्या दिवशी, हसू देत. दुसरं, घरात वडीलधाऱ्या बाईला औषधांबरोबर हेही विचारावं, आणि सुनेनं किंवा लेकीनंच विचारावं असं नाही. मर्यादा सोडा असं मी म्हणत नाही. कुणाला सांगायचं हे निवडणं म्हणजे मर्यादा. कुणालाच न सांगणं याला मी आता मर्यादा म्हणत नाही. तिसरं, मैत्रिणीला, नातवाला, मोबाईलला, कुणालाही विचारा, पण तिथं थांबू नका. यंत्र कितव्या ओळीवर अडलं ते सांगतं, का अडलं ते जाणत्यालाच शोधावं लागतं. तारखा लिहा आणि डॉक्टरांकडे जा.

नातू पुण्याला गेला. परवा फोनवर म्हणाला, "आजी, तो दुधाचा प्रोग्रॅम मी आईलाही दिलाय." मी म्हटलं, "दुधाचा म्हणू नकोस रे आता."

असो. ब्लॉगर मैत्रिणींनो आणि मित्रांनो, तुमच्या घरी याबद्दल बोललं जातं का, ते जरूर लिहा. भाच्या-पुतण्यांनो, इथं लिहायला संकोच वाटत असेल तर फोन करा. दुपारी तीननंतर मी मोकळीच असते.