म्हातारा लॅपटॉप की जाडं सॉफ्टवेअर?

गेला महिनाभर माझं घरचं सगळं काम २०१२ सालच्या थिंकपॅड टी४३० वर चालू आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरला जागा नाही. म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. "एवढ्या जुन्या डब्यावर जमतं कसं बुवा?" असं जो तो विचारतो, म्हणून हा लेखप्रपंच.

सवय व्हायला वेळ लागतो, खोटं कशाला बोलू? या कीबोर्डवर डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएन बसलंय, त्यामुळे पहिले चार दिवस कॉपी-पेस्ट म्हणजे आंधळी कोशिंबीर. मराठीची मात्र चिंता नको. इनस्क्रिप्टची मांडणी दोन्हीकडे तीच, बोटांना पत्ताही लागत नाही. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली की रोजच्या कामाला मशीन अजिबात रडत नाही.

मग रडतं कुठे? व्हिडिओ लावला की पंखा घोंघावायला लागतो. कारण साधं आहे. या चिपमध्ये एच.२६४ उलगडायची वेगळी सोय आहे, पण नंतर आलेल्या व्हीपी९ ची नाही. सगळा भार प्रोसेसरवर. ब्राउझरला एच.२६४ च मागायला लावलं, की पंखा गप्प! दुसरं उदाहरण चॅटच्या ॲप्सचं. त्यातली बरीचशी इलेक्ट्रॉनवर बनलेली, म्हणजे प्रत्येकजण आपापलं अख्खं क्रोमियम पाठीवर घेऊन येणार. दोन ओळींच्या गप्पांसाठी एवढा लवाजमा?

माझा मुद्दा इथेच आहे. लॅपटॉप म्हातारा झालेला नाही, आपण लिहितो ते सॉफ्टवेअर जाडं झालंय. आपल्याला ऑफिसात दर तीन-चार वर्षांनी नवं मशीन मिळतं, त्यामुळे आपल्या कोडचं वजन आपल्याला कधी जाणवतच नाही. ते जाणवतं सेकंडहँड लॅपटॉपवर प्रोजेक्ट करणाऱ्या पोराला, आणि तो बिचारा दोष देतो स्वतःच्या मशीनला. शेवटी कर्ज काढून नवं घेतो. आपल्या आळसाचे पैसे त्याच्या खिशातून जातात, हे काही बरोबर नाही राव.

सगळ्यांनी लिनक्सवर यावं असा माझा आग्रह नाही. एक्सेलच्या मॅक्रोंवर ज्याचं पोट आहे, त्याने उगाच हा उद्योग करू नये. पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाने आठवड्यातून एक दिवस तरी आपलंच ॲप दहा वर्षं जुन्या मशीनवर चालवून बघावं. कुठल्या टेस्ट रिपोर्टमध्ये येणार नाही ते पंखा ओरडून सांगतो.

माळ्यावर एखादा जुना लॅपटॉप पडला असेलच. या शनिवारी काढा खाली, आणि बघा पटतंय का.