थरथरता हात काय मागतो?

एप्रिल १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे महामार्ग पोलिसांचे चौघे जण काही मिनिटांत मारले गेले. त्यांतला एक जण रिकाम्या रिव्हॉल्व्हरमध्ये सुटी काडतुसे एकेक करून भरत होता. पुढे त्या दलाने स्पीडलोडर स्वीकारला. सहाही काडतुसे एकदम भरणारा हा गोल साचा. ‘एचकेएस’ची कळ फिरवावी लागते, ‘सफारीलँड’चा नुसता दाबला की काडतुसे सुटतात. रबरी पट्टी खिशात सपाट बसते, पण तिच्यातून दोन-दोनच काडतुसे भरता येतात. निवड टेबलाशी बसून होते, वापर मात्र भेदरलेल्या बोटांनी. म्हणून माझे मत दाबायच्या साच्याला. अर्थात, हाताला सराव नसेल तर तोही व्यर्थच!