नुसत्या ब्रिक्सवर काढणी नको
रिफ्रॅक्टोमीटरवर २३ ब्रिक्स आलं म्हणून लगेच शिराझची काढणी लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात फक्त साखर कळते. बी हिरवी असेल तर वाइन तुरट, कडवट लागते. बी तपकिरी होऊन दाताखाली कुडकन फुटली, की त्याच शिराझला जांभळाची, काळ्या मिरीची चव येते. सोव्हिन्यो ब्लांचं उलटं. तिथं थोडा हिरवट वास अन् आंबटपणा हवाच. उशीर केला की दोन्ही जातं.
भाव कापल्यावर वाद घालण्यापेक्षा आपल्या मालाची वाइन वायनरीत घोटभर चाखून बघा. माळकरी मंडळींनी मणी चावले तरी पुरे! फक्त कडेच्या वेलींचेच नको, मधल्या ओळीतले, सावलीतलेही घ्या.